गाळ्यातला कार्बन मोजायचा कसा, कमी करायचा कसा

रबाळ्यातला एक गाळेधारक गेल्या वर्षी एक फॉर्म घेऊन माझ्याकडे आला. एका मोठ्या कंपनीला तो मशीन केलेले छोटे पार्ट पुरवतो. त्या कंपनीच्या खरेदी विभागाने फॉर्म पाठवला होता. पहिल्या पानावर नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक. दुसऱ्या पानावर प्रश्न होता, ‘मागील आर्थिक वर्षात आपले कार्बन उत्सर्जन किती टन?’ तो म्हणाला, “दादा, आपल्याकडे ना बॉयलर, ना चिमणी. शून्य लिहू का?”

शून्य लिहिलं असतं तर ते खोटं ठरलं असतं. त्याच्या गाळ्यात धूर निघत नाही हे खरं, पण त्याची लेथ आणि कंप्रेसर ज्या विजेवर चालतात, ती बहुतांशी कोळसा जाळून तयार होते. धूर चंद्रपूर-कोराडीकडे निघतो, आणि वीज वापरली म्हणून हिशोब रबाळ्यात लागतो. त्या दिवशी आम्ही दोघांनी वर्षभराची बिलं टेबलावर पसरली आणि दोन तासांत त्याचा आकडा काढला. वागळे इस्टेट, रबाळे, महापे, पावणे किंवा तळोज्यात ज्यांचा गाळा आहे, किंवा ठाण्या-वाशीत ज्यांचं दुकान, हॉटेल, क्लिनिक आहे, आणि ज्यांनी या विषयाला अजून हात लावलेला नाही, त्यांच्यासाठी ते दोन तास आणि त्यापुढची कामं इथे क्रमाने लिहितो आहे.

आधी, हे करायचं कशासाठी

तो फॉर्म आला कुठून, ते आधी समजून घ्या. सेबीने २०२२-२३ पासून शेअर बाजारातल्या पहिल्या १,००० कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल देणं बंधनकारक केलं. त्या कंपन्यांचं लक्ष आता पुरवठादारांकडे वळलं आहे. दुसरीकडे युरोपीय संघाने आयात मालावरच्या कार्बनची नोंद १ ऑक्टोबर २०२३ पासून मागायला सुरुवात केली, आणि १ जानेवारी २०२६ पासून त्यावर प्रत्यक्ष आकारणीचा टप्पा सुरू झाला. लोखंड, पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं हे त्यातले मुख्य प्रकार. पोलादाच्या यादीत नट, बोल्ट आणि स्क्रूसुद्धा आहेत. आपल्या पट्ट्यात फास्टनर बनवणारे कितीतरी गाळे आहेत. त्यांचा माल निर्यातदारामार्फत युरोपात जात असेल, तर हा प्रश्न त्यांच्या दारापर्यंत येणारच.

पण फॉर्म आला नसेल तरी थांबू नका. लहान धंद्यात कार्बन आणि खर्च एकाच नळातून गळतात. वाया गेलेलं युनिट बिलातही दिसतं आणि हवेतही.

आणि हे आपल्या अंगणातलंही आहे. ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवर आपण धंदा करतो. २६ जुलै २००५ ज्याने पाहिला, त्याला पाणी शेडमध्ये शिरणं म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. हवा १ अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, त्यामुळे जो पाऊस पडतो तो जास्त जोराने पडायची शक्यता वाढते. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखाली आठ तास उभं राहून काम करणाऱ्या माणसाला उकाड्याची किंमत मालकाआधी कळते. मला हा विषय जवळचा वाटतो तो या माणसांमुळे.

पहिली पायरी: बारा बिलं आणि एक वही

मागच्या बारा महिन्यांची वीजबिलं काढा. कागद हरवले असतील तर महावितरणच्या संकेतस्थळावर ग्राहक क्रमांक टाकून मिळतात. त्यासोबत डिझेल-पेट्रोलच्या पावत्या, गॅस सिलिंडरची किंवा पाइप गॅसची बिलं, आणि एसी-फ्रीजमध्ये गॅस भरल्याच्या पावत्या घ्या. ही शेवटची पावती बहुतेक जण विसरतात. ती का हवी ते पुढे येईल.

प्रत्येक महिन्याचे युनिट, लिटर आणि किलो वहीत लिहा. रुपये वेगळ्या रकान्यात लिहा, कारण दर बदलतात आणि रुपयांवरून वापर कळत नाही. मग प्रत्येक रकान्याची बेरीज या आकड्यांनी गुणा:

वीज, १ युनिट: सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड
डिझेल, १ लिटर: सुमारे २.७ किलो
पेट्रोल, १ लिटर: सुमारे २.३ किलो
एलपीजी, १ किलो: सुमारे ३ किलो (म्हणजे १९ किलोच्या एका सिलिंडरला ५७ किलो)
पाइप गॅस, १ घनमीटर: सुमारे २ किलो

विजेचा आकडा केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी प्रसिद्ध करतं आणि तो थोडाथोडा बदलतो. फॉर्म भरताना त्या वर्षीचा नेमका आकडा घ्या. घरच्या हिशोबाला ०.७ पुरतो.

समजा, एका मशीन शॉपचा महिन्याचा वापर ४,००० युनिट आहे, टेम्पोला १५० लिटर डिझेल लागतं आणि जनरेटरला २० लिटर. विजेचे २,८०० किलो, टेम्पोचे ४०५, जनरेटरचे ५४. एकूण जवळपास सव्वातीन टन, वर्षाला ३९ टन. त्यातला ८५ टक्क्यांहून जास्त भाग एकट्या विजेचा आहे. अशा गाळ्यात प्लास्टिकचे कप बंद करण्यावर बैठका घेण्यात अर्थ नाही. लक्ष विजेवर हवं. हॉटेल असेल तर गॅस वर येईल, वाहतूकदार असेल तर डिझेल. तुमचा सगळ्यात मोठा आकडा कोणता, हे कळणं हेच या पायरीचं काम.

दुसरी पायरी: सुट्टीच्या दिवशी मीटर वाचा

ही माझी सगळ्यात आवडती चाचणी आहे. तिला एक पैसा लागत नाही.

साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मीटरचा फोटो काढा. बरोबर २४ तासांनी पुन्हा एक काढा. दोन्हींतला फरक म्हणजे कोणी काम करत नसताना गाळ्याने खाल्लेली वीज. तुमच्याकडे सीटी मीटर असेल तर बिलावर गुणक छापलेला असतो, फरकाला त्याने गुणायला विसरू नका.

२४ तासांत २४ युनिट गेले, तर सतत १ किलोवॉट चालू आहे. सुट्टीचे चार-पाच दिवस आणि कामाच्या दिवसांच्या रात्री धरल्या तर महिन्याचे सुमारे ४७० तास होतात. म्हणजे ४७० युनिट आणि ३३० किलो कार्बन, एकही नग न बनवता. यात असतं काय? चालू ठेवलेला कंप्रेसर, जो गळती भरून काढायला दर काही मिनिटांनी सुरू होतो. पाण्याचा कूलर. सीएनसीच्या पॅनलचा एसी. स्टॅबिलायझर. बाथरूमचा एक्झॉस्ट. वायरमनला बोलावून टाँग टेस्टरने एकेका फीडरवरचा करंट बघितला की अर्ध्या तासात चोर सापडतो. मग शेवटी निघणाऱ्या माणसाकडे बंद करायच्या स्विचांची यादी द्या आणि ते स्विच लाल टेपने दाखवून ठेवा. फ्रीज, सर्व्हर, सीसीटीव्ही अशा चालू ठेवायच्या गोष्टींना हिरवी टेप.

तिसरी पायरी: कंप्रेसरचा आवाज ऐका

दाबाखालची हवा ही गाळ्यातली सगळ्यात महागडी वस्तू आहे, आणि ती फुकट असल्यासारखी वापरली जाते. कंप्रेसरला दिलेल्या विजेचा मोठा भाग उष्णता होऊन जातो. हवेच्या रूपाने हाती फार थोडं येतं. त्यातही देखभाल नसलेल्या लाइनमध्ये २० ते ३० टक्के हवा गळून जाणं ही नेहमीची गोष्ट आहे.

मोजायचं असं. जेवणाच्या सुट्टीत सगळी हत्यारं बंद करा, कंप्रेसर मात्र चालू ठेवा. आता हवा कोणीच वापरत नाही, म्हणजे टाकी भरल्यावर तो पुन्हा लोड व्हायलाच (हवा दाबायलाच) नको. होत असेल तर तो गळतीसाठी चालतो आहे. मोबाइलवर वेळ लावा: किती वेळ लोडवर, किती वेळ विश्रांतीवर. असे पाच-सहा फेरे घ्या. दीड मिनिट लोड आणि साडेचार मिनिटं विश्रांती असेल, तर सहातलं दीड, म्हणजे २५ टक्के गळती.

१० एचपीच्या म्हणजे साडेसात किलोवॉटच्या कंप्रेसरला, दिवसाचे आठ तास आणि महिन्याचे २५ दिवस धरून, ही गळती साधारण ३७५ युनिटला पडते. दर ९ रुपये धरला तर महिन्याला तीन हजारांच्या वर, आणि वर्षाला तीन टनांहून जास्त कार्बन.

गळती शोधायला साबणाच्या पाण्याचा फेस आणि ब्रश पुरतो. कपलर, होस पाइपच्या क्लिपा, फिल्टर-रेग्युलेटरचे सांधे आणि टाकीखालचा ड्रेन व्हॉल्व्ह इथे बुडबुडे येतात. रात्री सगळं शांत असताना कानालाही ऐकू येतं. एका माणसाला महिन्यातून एक तास हेच काम द्या. सापडलेल्या जागेवर चिठ्ठी बांधा आणि दुरुस्त झाल्यावरच ती काढा.

मग प्रेशर बघा. बऱ्याच गाळ्यांत ८ किलोवर (दर चौरस सेंटिमीटरला) सेटिंग असतं, कारण पूर्वी कोणीतरी तसं ठेवलं. हत्यारांना ६ किलो पुरत असेल तर अर्ध्या-अर्ध्या किलोने खाली आणत जा आणि काम अडतं का बघा. प्रत्येक १ किलोमागे ६ ते ७ टक्के वीज वाचते, आणि दाब कमी झाल्याने गळतीही घटते. कंप्रेसरचं तोंड तापलेल्या भिंतीकडे असेल तर फिरवा. आत जाणारी हवा ४ अंशांनी गरम असली की विजेचा वापर साधारण १ टक्का वाढतो. आणि हवेच्या नळीने अंगावरची धूळ झटकणं आजच बंद करा. विजेपेक्षा डोळ्यांचा प्रश्न मोठा आहे.

चौथी पायरी: एसीतला गॅस

हा भाग दुकानदार, क्लिनिक, छोटी ऑफिसं, आइस्क्रीम पार्लर आणि कोल्ड रूमवाल्यांनी नीट वाचावा. इथे गाळेवाल्यापेक्षा दुकानदाराचं पाप मोठं असू शकतं, आणि त्याला ते माहीतही नसतं.

“गॅस कमी झालाय, भरून देतो,” असं मेकॅनिक दर उन्हाळ्यात म्हणतो आणि आपण पैसे देतो. पण एसीतला गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी बाहेर गेला. जुन्या एसीतला आर-२२ हवेत गेला, तर १ किलोचा तापमानावरचा परिणाम सुमारे १,८०० किलो कार्बन डायऑक्साइडएवढा असतो. आर-४१०ए चा त्याहून जास्त, सुमारे २,१०० किलो. आर-३२ चा ६७५ च्या आसपास. १ किलो आर-२२ गळणं म्हणजे अडीच हजार युनिट वीज जाळण्यासारखं आहे.

म्हणून नियम ठेवा: गळती शोधल्याशिवाय आणि ब्रेझिंग (नळीचा सांधा झाळून बुजवणं) केल्याशिवाय गॅस भरायचा नाही. मेकॅनिकला हे आधीच सांगा, म्हणजे तो टॉर्च आणि नायट्रोजन घेऊन येईल. दुरुस्तीआधी उरलेला गॅस हवेत सोडून न देता रिकाम्या सिलिंडरमध्ये काढून घ्यायला लावा. पावतीवर गॅसचं नाव आणि किलो लिहून घ्या. वहीतला तो रकाना यासाठीच होता. नवा एसी घेताना पाटीवर स्टारबरोबर गॅसचं नावही वाचा. आर-२२ देशात टप्प्याटप्प्याने बंद होतो आहे, तेव्हा त्यावरचं जुनं यंत्र स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका.

बाकीचं तुम्हाला ठाऊक असेल: तापमान २४ च्या खाली नको, कारण प्रत्येक १ अंशामागे सुमारे ६ टक्के वीज लागते. जाळी पंधरा दिवसांनी धुवायची. एमआयडीसीतल्या धुळीत तर आठ दिवसांनी.

पंखे, मोटर आणि छप्पर

यावर फार लिहीत नाही. साधा पंखा ७५ वॉट खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० च्या आसपास. जो पंखा दिवसाचे दहा-बारा तास फिरतो तो आधी बदला, गोदामातला राहू द्या. मोटर जळली की लगेच वाइंडिंगला पाठवायची आपली सवय आहे, पण प्रत्येक रिवाइंडिंगमध्ये कार्यक्षमता थोडी उतरू शकते. दोन पाळ्यांत चालणारी मोटर वर्षभरात स्वतःच्या किमतीच्या कित्येक पट वीज खाते. म्हणून तिसऱ्यांदा जळलेली मोटर भंगारात द्या आणि आयई३ किंवा आयई४ (जास्त कार्यक्षमतेच्या श्रेणीची) घ्या. ब्लोअर किंवा पंप डँपर-व्हॉल्व्ह दाबून चालवत असाल तर व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) बसवा. वेग २० टक्के कमी केला की लागणारी शक्ती जवळजवळ अर्धी होते.

एक सावधगिरी. ‘पॉवर सेव्हर’ नावाचा डबा विकायला कोणी आला तर घेऊ नका. कॅपॅसिटर बँकेने पॉवर फॅक्टर सुधारतो, बिलातला दंड वाचतो आणि ते करायलाच हवं. पण त्याने मशीनला लागणारी वीज जवळजवळ तेवढीच राहते. कार्बनच्या रकान्यात त्याची बचत दाखवू नका.

पत्र्याच्या शेडला वरून उष्णता परतवणारा पांढरा रंग द्या, पावसाळा संपल्यावर, पत्रे धुऊन. खाली काम करणाऱ्यांना फरक पहिल्याच उन्हाळ्यात जाणवतो.

हॉटेल आणि खानावळ

सिलिंडर सोडून पाइप गॅस घेतला तर तेवढ्याच उष्णतेला कार्बन साधारण दहावा हिस्सा कमी होतो. महानगर गॅसची लाइन तुमच्या रस्त्यावर असेल तर घ्या. पण त्याआधी बर्नर साफ करा. ज्योत पिवळी आणि भांड्याचं बूड काळं असेल तर गॅस नीट जळत नाही आहे. डाळ-छोले रात्री भिजत घालणं, झाकण ठेवणं, मोठ्या भगोण्याऐवजी कुकर वापरणं, हे आपल्या आजीचंच शास्त्र आहे आणि व्यावसायिक स्वयंपाकघरात तेच सगळ्यात आधी विसरलं जातं. ओला कचरा वेगळा द्या किंवा जागा असेल तर खत करा. डंपिंगवर दबून तो सडला की मिथेन निघतो, आणि मिथेन शंभर वर्षांच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साइडपेक्षा २५ पटींहून जास्त तापवतो.

पाचवी पायरी: गाड्या

ठाणे-बेलापूर रोड, शिळफाटा, घोडबंदर रोड. या तीन ठिकाणी कोंडीत उभा असलेला टेम्पो किती डिझेल पितो ते चालकाला विचारा. माल पाठवायची वेळ बदलता येते का, दोन अर्ध्या फेऱ्यांची एक भरलेली होते का, हे आधी बघा. तुर्भ्याच्या बाजार समितीतून माल आणणारे दोन-तीन शेजारी दुकानदार मिळून एक गाडी करू शकतात.

इलेक्ट्रिक गाड्यांबद्दल खरं तेच सांगतो. पेट्रोल स्कूटर किलोमीटरला ५० ग्रॅमच्या आसपास कार्बन सोडते. इलेक्ट्रिक स्कूटर आपल्या ग्रिडच्या विजेवरसुद्धा त्याच्या निम्म्याखाली येते. म्हणून डिलिव्हरीच्या दुचाकी आधी बदला. मालवाहू तीनचाकीत डिझेलच्या तुलनेत खर्च बराच वाचतो, कार्बन मात्र ग्रिडवर चार्ज करताना तेवढ्या प्रमाणात कमी होत नाही. छतावर सोलर असेल आणि गाडी दुपारी चार्ज होत असेल, तर मग फरक मोठा.

सहावी पायरी: सोलर, आणि तेही शेवटी

लोक सुरुवातच इथून करतात. मी शेवटी ठेवतो, कारण गळती न थांबवता सोलर लावलं तर गळतीसाठीही पॅनल विकत घ्यावे लागतात.

१ किलोवॉटला सुमारे १०० चौरस फूट सावली नसलेली जागा लागते आणि वर्षाच्या सरासरीने दिवसाला ४ युनिट मिळतात. जून ते सप्टेंबर आपल्याकडे ढग असतात, तेव्हा विक्रेत्याने मार्च-एप्रिलचा आकडा बाराने गुणून दाखवला तर मान्य करू नका. २० किलोवॉटला २,००० चौरस फूट, वर्षाला २८ हजार युनिटच्या आसपास, म्हणजे जवळपास २० टन कार्बन. नेट मीटरिंगसाठी (जादा सोलर वीज ग्रिडला देऊन बिलात वळती करायला) अर्ज महावितरणकडे करायचा, आणि सोलरची क्षमता मंजूर भारापेक्षा जास्त ठेवता येत नाही.

जुन्या गाळ्यांचं छप्पर सिमेंटच्या पत्र्याचं असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवा. मजल्यांच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये गच्ची सोसायटीची असते. सर्वसाधारण सभेत ठराव हवा. ‘पीएम सूर्यघर’चं अनुदान फक्त घरगुती ग्राहकांसाठी आहे. तुम्हाला ते मिळवून देतो म्हणणारा एजंट दारातूनच परत पाठवा. धंद्याला त्याऐवजी घसाऱ्याचा फायदा मिळतो. तो तुमच्या सीएकडून समजून घ्या. छप्परच नसेल, गाळा भाड्याचा असेल, तर महावितरणकडे जादा दर देऊन हरित ऊर्जा मागता येते. त्याची चौकशी उपविभागीय कार्यालयात करा.

पैसे कुठून

उद्यम नोंदणी नसेल तर आज करा; ती मोफत असते आणि बाकी सगळी दारं तिच्यामागे आहेत. केंद्राच्या ‘झेड’ (मालातले दोष आणि प्रदूषण कमी ठेवणाऱ्या उद्योगांसाठीच्या) प्रमाणपत्रात सूक्ष्म उद्योगांना शुल्कावर ८० टक्के, लघु उद्योगांना ६० टक्के सवलत आहे, महिला मालक असलेल्यांना शंभर टक्के. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची ‘अदिती’ ही योजना जुलै २०२५ मध्ये सुरू झाली. त्यात कार्यक्षम यंत्रांसाठी घेतलेल्या कर्जावर सूक्ष्म आणि लघु उद्योगांना व्याजात ५ टक्के आणि मध्यम उद्योगांना ३ टक्के सवलत मिळते. ती ठरावीक क्षेत्रं आणि ठरावीक क्लस्टरसाठी आहे, तेव्हा तुमचा गाळा त्यात बसतो का हे बँकेत जाण्याआधी तपासा.

फॉर्म भरताना

फॉर्ममध्ये तीन रकाने असतात. स्कोप १ म्हणजे तुमच्या आवारात आणि तुमच्या गाड्यांत जळलेलं इंधन, तसंच एसीतून गळलेला गॅस. स्कोप २ म्हणजे विकत घेतलेली वीज. स्कोप ३ म्हणजे कच्चा माल, भाड्याची वाहतूक, कामगारांचा प्रवास वगैरे. पहिले दोन तुमच्या वहीतून तयार आहेत. तिसऱ्यात अंदाजाने काहीही लिहू नका. ‘अद्याप मोजलेले नाही’ असं लिहा आणि कच्च्या मालाचे वर्षाचे किलो जोडा. खरेदी विभागाला तेवढं पुरेसं असतं, आणि पुढच्या वर्षी तुमचा आकडा कोणी तपासायला आलं तर तुम्ही अडचणीत येत नाही.

सोबत बारा बिलांच्या प्रती, वापरलेले गुणाकाराचे आकडे आणि ते कुठल्या वर्षाचे आहेत ते लिहा. रबाळ्याच्या त्या गाळेधारकाने तेवढंच केलं, आणि फॉर्मच्या मागे एक जादा पान जोडलं: कंप्रेसरची गळती आधी किती होती, साबणाचं पाणी फिरवल्यावर किती उरली. खरेदी विभागातून त्याला फोन आला तो त्या पानाबद्दल विचारायला.